शुगर असलेल्यांनी मोतीबिंदूचं रुग्णालय कसं पारखावं: माझ्या दोन्ही डोळ्यांचा अनुभव

ज्यांना मधुमेह नाही त्यांनी हे परीक्षण वाचलं नाही तरी चालेल. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता बहुतेक शहरांत चांगली होते आणि आठवडाभरात ते पेपर वाचायला लागतात. मी लिहितोय ते शुगरवाल्यांसाठी. आपल्या बाबतीत भिंग बदललं म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ठरतं. त्या वेळी पडद्याकडे कोणी बघतं की नाही, यावरच शुगरवाल्याने रुग्णालय पारखावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी गेलो ते खाजगी नेत्र रुग्णालय आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. नाव देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि ज्या गोष्टींमुळे मला ते चांगलं वाटलं त्या तुम्ही कुठल्याही रुग्णालयात विचारून तपासू शकता. पाचपैकी साडेचार तारे देतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. गाव नकाशे, जुनी टिपणं, हद्दीच्या खुणा यांत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतरही शेजारच्या गावांतली माणसं भावकीच्या वाटणीचे कागद घेऊन येतात आणि ‘अण्णा, एवढं बघून द्या’ म्हणतात. शुगर २००५ पासून आहे. गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) साडेसात ते आठच्या आसपास असते. म्हणजे अगदी वाईट नाही, पण चांगलीही नाही.

उजव्या डोळ्याचा त्रास आधी सुरू झाला. रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात पसरायचा. दिवसा मात्र उन्हात वाचायला बसलो की घरातल्यापेक्षा कमी दिसायचं. याचं कारण नंतर कळलं. मधुमेहात मोतीबिंदू बऱ्याचदा भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, मधोमध धरतो. उजेडात बाहुली लहान झाली की नेमका तोच डागाळलेला भाग वाटेत येतो.

आधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे टॉर्च मारून बघितलं आणि ‘पिकलाय, पंधरा मिनिटांचं काम आहे, सोमवारी या’ म्हणाले. शुगर आहे म्हटल्यावर ‘दोनशेच्या आत आणा’ एवढंच सांगितलं. पडदा कोणी बघितला नाही. बायको बाहेर येताना म्हणाली, “अहो, तुमच्या बहिणीचं काय झालं होतं ते आठवतंय ना?” बहिणीला शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस लख्ख दिसलं होतं आणि मग पुन्हा धूसर झालं ते झालंच. तेव्हा सगळे म्हणाले, भिंग वाईट बसवलं. भिंगाचा काही दोष नव्हता, असं आता मला वाटतं.

या रुग्णालयात नोंदणीच्या काऊंटरवरच फाइलवर लाल शाईत ‘डीएम’, म्हणजे मधुमेह, असं लिहितात. मला ते आवडलं, कारण त्या दोन अक्षरांमुळे पुढचा सगळा रस्ता बदलतो. नंबर तपासणारी मुलगी, डोळ्याचं प्रेशर बघणारा मुलगा, बाहुली मोठी करायचे थेंब हे सगळ्यांना सारखंच असतं. पण मधुमेही माणसाला मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवतात, आणि त्याआधी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी, करतात. आमच्यासारख्यांच्या बाहुल्या नीट मोठ्या होत नाहीत, दोनतीनदा थेंब घालावे लागतात आणि बसून राहावं लागतं. तेवढ्यात एक मावशी येऊन विचारून जातात, ‘शुगरची गोळी घेतली का? काही खाल्लं का?’ खाली कॅन्टीनमध्ये बिनसाखरेचा चहा आणि उपमा मिळतो. गोळी घेऊन उपाशी बसलेला माणूस तिथे घाम येऊन कोसळू शकतो, याची जाण असलेलं रुग्णालय मी पहिल्यांदाच बघितलं.

ओसीटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बरेच जण नाव ऐकूनच घाबरतात. सुई नाही, रंग टोचणं नाही, डोळ्याला हात लावणं नाही. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत दिसणाऱ्या खुणेकडे बघत राहायचं. एक पुसट लाल रेघ सरकते, काही सेकंदांत काम होतं. डोळ्याला जेमतेम दिसणारा अवरक्त प्रकाश आत सोडतात आणि पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येणाऱ्या प्रकाशावरून थरांचा उभा छेद काढतात. १९९१ साली अमेरिकेत एमआयटीशी संबंधित संशोधकांनी हे तंत्र पहिल्यांदा मांडलं. आज ते जिल्ह्याच्या गावी आहे आणि पाचेक मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दाखवतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जन्मभर शेताच्या हद्दी मोजलेल्या माणसाला या अचूकतेचं किती अप्रूप वाटलं असेल, हे माझ्या खात्यातल्या लोकांना कळेल.

हातात येतो तो एक रंगीत नकाशा. निळा, हिरवा म्हणजे पातळ. पिवळा, लाल, पांढरा म्हणजे जाड. त्यावर एकात एक तीन वर्तुळं असतात, एक, तीन आणि सहा मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांचे मिळून नऊ भाग. प्रत्येक भागात सरासरी जाडीचा आकडा. शुगरवाल्याने पहिल्यांदा बघायचा तो अगदी मधल्या एक मिलिमीटरच्या वर्तुळातला. आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते या मधल्या भागाने. निरोगी डोळ्यात इथे खळगा असतो आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे मायक्रॉन भरते.

माझ्या उजव्या डोळ्याचा आकडा आला २६२. डाव्या डोळ्याचा ३३४.

डाव्या डोळ्याने मला उजव्यापेक्षा बरं दिसत होतं. त्या डोळ्यात मोतीबिंदू नुकता धरायला लागला होता. म्हणजे ज्या डोळ्याची मला काळजी नव्हती त्याच्या पडद्याला सूज होती आणि मला पत्ता नव्हता. पडद्याच्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर उभा छेद दाखवला. खळग्याच्या जागी टेकाड आणि त्यात दोन काळे पोकळ ठिपके. “काका, हे काळं दिसतंय ते पाणी आहे. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं. बाजूला पिवळे कण दिसतात ती चरबी. हे ऑपरेशनमुळे नाही, शुगरमुळे आहे आणि आजचं नाही. आधी हे उतरवू, मग इथला मोतीबिंदू.” उजव्यात पडद्यावर बारीक रक्ताचे ठिपके होते, पण मध्यभाग कोरडा होता. म्हणून उजवा आधी करायचं ठरलं.

उजव्याच्या आकड्यावर मात्र त्यांनी स्वतःच पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. मोतीबिंदूतून प्रकाश नीट आत जात नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरतो. त्या यंत्रावर दर्जा दहापैकी मोजतात आणि सहाच्या खाली असेल तर आकड्यावर फार विसंबत नाहीत. माझा पहिल्यांदा पाच आला, पुन्हा थेंब घालून घेतलं तेव्हा कसाबसा सहा. मॅडम म्हणाल्या, हा आकडा कामचलाऊ. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात स्वच्छ चित्र काढू आणि तिथून हिशेब धरू. आपल्या आकड्यावर असा प्रश्न टाकणाऱ्या डॉक्टरवर माझा लगेच विश्वास बसला. ज्यांचा मोतीबिंदू पूर्ण पिकून पांढरा झाला असेल त्यांचा पडदा ना डॉक्टरांना दिसतो, ना ओसीटीला. मग फक्त सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे एवढंच कळतं. म्हणून शुगर असताना ‘पिकू दे, मग बघू’ ही जुनी रीत सोडा.

शस्त्रक्रियेमुळे पडदा का सुजतो, हे मी त्यांना सरळच विचारलं, कारण भिंग पुढे असतं आणि पडदा पार मागे. उत्तर असं मिळालं. फेकोत, म्हणजे हल्लीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून जुनं भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतात. काम कितीही हलक्या हाताने केलं तरी डोळ्याच्या आत थोडा दाह होतोच. त्या दाहातून निघणारी रसायनं मागे पडद्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. निरोगी माणसातही पडद्याची जाडी काही मायक्रॉनने वाढते, त्याला कळतही नाही, आणि ती आपोआप उतरते. पण शुगरने ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच झिजलेल्या आहेत त्याच्या डोळ्यात पाणी जास्त झिरपतं आणि लवकर शोषलं जात नाही. मोतीबिंदूनंतरची ही सूज अर्व्हाइन या डॉक्टरांनी १९५३ मध्ये नोंदवली आणि पुढे गास यांनी डाय टोचून काढलेल्या फोटोंत ती दाखवली, म्हणून दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. म्हणजे रोग नवा नाही, मोजायचं साधन नवं आहे.

किती जणांना होते, तेही विचारलं. ब्रिटनमध्ये ८१,९८४ डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत मधुमेह नसलेल्यांत १.१७ टक्के डोळ्यांना नवी सूज आली, मधुमेह असलेल्यांत ४.०४ टक्के. पडद्यावर शुगरची एकही खूण नसलेल्या मधुमेहींनाही धोका जास्तच होता, आणि पडदा जितका खराब तितका तो वाढत गेला. शंभरातले चार म्हणजे थोडे, असं वाटेल. पण ते चार कोण हे आधी माहीत नसतं, म्हणून शंभरांनाही मोजायला हवं.

आता पैशांचं आणि भिंगाचं. समुपदेशकाच्या खोलीत माझी पहिली तक्रार आहे. तिथल्या बाईंनी रंगीत तक्ता पुढे ठेवला आणि सर्वांत महागडं, जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारं भिंग घ्या म्हणून बराच आग्रह केला. चष्मा कायमचा जाईल म्हणाल्या. माझ्या फाइलवर लाल ‘डीएम’ होतं आणि आत सुजलेल्या पडद्याचं चित्र होतं, ते त्यांनी उघडून पाहिलं नाही. मी परत वर जाऊन मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “काका, तुम्हाला साधं एका अंतराचंच भिंग. ती बहुअंतराची भिंगं आत येणारा प्रकाश वाटून देतात, त्यात गडद-फिकटातला फरक कमी कळतो. पडदा उत्तम असेल तर चालतं. तुमच्या पडद्याला पुढे कधी त्रास झाला तर हे दुहेरी नुकसान होईल.” एका डोळ्याला साध्या भिंगासह ३२ हजार लागले, औषधं वेगळी. ओसीटीचे प्रत्येक वेळी दोन्ही डोळ्यांचे १,५०० रुपये. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी निराश होऊ नये, जिल्हा शासकीय रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. तिथे करून घेतली तरी पडद्याची तपासणी आधी आणि महिन्याभराने नंतर मागून घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ असेल तर तिथे ओसीटीची चौकशी करा.

शुगरबद्दल त्यांचं म्हणणं पहिल्या ठिकाणच्यापेक्षा वेगळं होतं. आठवड्यात घाईने औषधं वाढवून शुगर पाडू नका, फिजिशियनला दाखवून सावकाश खाली आणा. एकदम पाडल्याने पडद्याचा आजार वाढू शकतो. रक्तदाबही बघितला, कारण पडद्यात पाणी झिरपण्यात त्याचाही वाटा असतो.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. थेंबांनी डोळा बधिर केला, वर दिव्यांचे रंग हलताना दिसत होते, सर्जन बोलत होते, दुखलं नाही. मधुमेहींना सकाळच्या पहिल्या यादीत घेतात, त्यामुळे फार वेळ उपाशी राहावं लागत नाही. दुपारी घरी आलो.

सोबत थेंबांचा तक्ता दिला, मराठीत, मोठ्या अक्षरांत, बाटलीच्या झाकणाच्या रंगासह. प्रतिजैविकाचे थेंब, दर आठवड्याला कमी करत न्यायचे स्टिरॉइडचे थेंब आणि नेपाफेनॅक. हे तिसरं औषध सूज आणणारी रसायनं तयार होऊ देत नाही. युरोपात ते मधुमेहींना मोतीबिंदूनंतर पडद्याची सूज टाळण्यासाठी ६० दिवसांपर्यंत द्यायला मान्यता आहे. दुकानदाराने मला ‘हे एवढे दिवस कशाला, स्टिरॉइड संपलं की हेही बंद करा’ असं सांगितलं होतं. ऐकू नका. स्टिरॉइडही मनाने चालू ठेवू नका, काहींच्या डोळ्याचं प्रेशर त्याने चढतं.

दुसऱ्या दिवशी ६/१२ आणि आठवड्याने ६/९ दिसायला लागलं (६/६ म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा मोठा तितकं कमी दिसतं). रंग बदलले. इतकी वर्षं मी ज्या कागदाला पिवळट म्हणत होतो तो पांढरा होता. एका जुन्या गाव नकाशावरची ओढ्याची निळी रेघ मला निळी दिसली. त्या दिवशी मी घरातले सगळे नकाशे काढून बसलो होतो. पडद्याचं पहिल्या आठवड्यातलं चित्र स्वच्छ आलं, मधला आकडा २६९.

पाचव्या आठवड्यात मजकूर वाचताना मधली अक्षरं पुसट व्हायला लागली. कडेची ठीक होती. दाराची चौकट उजव्या डोळ्याने बघितली की मधोमध किंचित फुगल्यासारखी. शेताच्या हद्दीची सरळ रेघ मला वाकडी दिसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मी पुरता हादरलो. पण याच आठवड्याची तपासणी आणि ओसीटी त्यांनी शस्त्रक्रियेच्या दिवशीच तारखेसकट लिहून ठेवली होती, फोन करून आठवणही केली होती. त्रास झाला तर या, असं नाही. त्रास असो-नसो, याच दिवशी या. माझ्या साडेचार ताऱ्यांतले निम्मे या एका ओळीचे आहेत.

आकडा आला ३४८. नजर ६/१८. उभ्या छेदात खळगा नाहीसा झालेला आणि पाकळ्यांसारख्या काळ्या पोकळ्या. मॅडमनी पहिल्या आठवड्यातलं आणि त्या दिवशीचं चित्र शेजारी शेजारी लावलं. मग समजावलं की ही सूज दोन जातींची असू शकते: शस्त्रक्रियेच्या दाहाची किंवा शुगरची. दाहाची असेल तर थेंबांनी उतरते, शुगरची असेल तर डोळ्यात इंजेक्शन लागतं. माझ्या उजव्या डोळ्याचा मध्यभाग आधी कोरडा होता, सूज नेमकी पाचव्या आठवड्यात आली, आजूबाजूला नवे पिवळे कण नव्हते, म्हणून दाहाची असण्याची शक्यता जास्त. नेपाफेनॅक चालूच ठेवलं, स्टिरॉइड पुन्हा वाढवलं, प्रेशरवर लक्ष ठेवलं. महिन्याने ३०१, त्यापुढच्या महिन्यात २७२. नजर ६/९ वर परत आली. चौकट सरळ झाली.

या आकड्यांची किंमत मला दुसऱ्याच एका प्रसंगाने कळली. त्या शेवटच्या तपासणीला गर्दी होती, म्हणून मला वरच्या मजल्यावर नव्या यंत्रावर नेलं. तिथे आकडा आला २८७. मागच्या कागदांशी ताडून बघितलं तर उतार मनासारखा नव्हता, सूज तिथेच अडकली की काय असं वाटलं. मी खाली जाऊन आग्रह धरला की जुन्याच यंत्रावर पुन्हा घ्या. तंत्रज्ञ मुलगा चांगला होता, कुरकुर न करता घेतलं. २७२. एकच डोळा, एकच दुपार, पंधरा मायक्रॉनचा फरक. त्यानेच कारण सांगितलं: जाडी मोजताना पडद्याची मागची हद्द कुठली धरायची ते प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. खालचं यंत्र सिरस, वरचं स्पेक्ट्रॅलिस. वरचं हद्द आणखी मागच्या थरावर धरतं, म्हणून त्याचा आकडा नेहमी मोठा. अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत सूज धरायची मर्यादासुद्धा यंत्रानुसार वेगळी ठेवतात: सिरसवर पुरुषांना ३०५ आणि स्त्रियांना २९०, स्पेक्ट्रॅलिसवर पुरुषांना ३२० आणि स्त्रियांना ३०५. फार जुन्या यंत्रांवर तर आकडे याहून बरेच कमी येत. जमिनीच्या एकाच गटाची पहिली मोजणी एका मोजणीच्या साखळीने आणि फेरमोजणी लांबी न पडताळलेल्या दुसऱ्या साखळीने केली तर भावाभावांत कोर्टकचेरी लागते. मी हेच मॅडमना म्हणालो आणि त्यांनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं: ‘ओसीटी फक्त खालच्या यंत्रावर.’ हे खरं तर रुग्णालयाने प्रत्येक फाइलवर आपणहून लिहायला हवं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्या २८७ च्या भीतीने त्याला आठवडाभर झोप लागली नसती, किंवा त्याहून वाईट, नको असलेलं इंजेक्शन मिळालं असतं.

डाव्या डोळ्याची वाट वेगळी होती. तिथे सूज शुगरची, म्हणून आधी रक्तवाहिन्यांतलं झिरपणं कमी करणाऱ्या रॅनिबिझुमॅब या औषधाची इंजेक्शनं, महिन्याच्या अंतराने. डोळ्यात सुई म्हटल्यावर अंगावर काटा येतो, पण बधिर करून देतात आणि क्षणात होतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर खुपतं. भारतात याचं देशी जैवसमान, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं, औषध मिळतं, त्यामुळे खर्च मूळ औषधापेक्षा कमी येतो. त्याहून स्वस्त बेव्हॅसिझुमॅब, जे मूळचं कर्करोगाचं औषध आहे आणि लहान मात्रेत डोळ्यात वापरतात. खर्चाचं त्यांनी न विचारता स्पष्ट सांगितलं, दोन्ही पर्याय आणि दोन्हींच्या जोखमी समोर ठेवल्या. ३३४ वरून २८६ पर्यंत उतरल्यावरच मोतीबिंदू काढला. पाचव्या आठवड्यात २९७, पुढे २८४. म्हणजे ज्या डोळ्याची भीती होती तो सुखरूप निघाला, कारण शत्रू आधीच मोजून ठेवला होता.

एक गोष्ट मला स्वतःला समजायला वेळ लागला, ती लिहून ठेवतो. आकडा आणि नजर नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. डाव्या डोळ्याचा आकडा आता उत्तम आहे तरी नजर ६/१२ च्या पुढे जात नाही. सूज जुनी होती, तेवढ्या काळात आतल्या पेशींचं जे नुकसान झालं ते झालं. पडदा फार पातळ होणंही चांगलं नाही. तेव्हा फक्त आकडा घेऊन गावभर आनंद करू नका, उभ्या छेदात थर नीट सलग आहेत का ते डॉक्टरांना विचारा.

तक्रारी आता एकदम सांगून टाकतो. ओसीटीचा रंगीत कागद मागितल्याशिवाय देत नाहीत, दिला तर काळीपांढरी झेरॉक्स देतात, आणि रंगीत नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स म्हणजे बिनकामाचा कागद. मागा, देतात, पण मागावं का लागावं? प्रतीक्षागृहात बाहुल्या मोठ्या केलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर टीव्ही आणि वर पांढरे ट्यूबलाइट, तिथे बसवत नाही. पडद्याच्या मॅडम आठवड्यातून दोनच दिवस असतात. त्या नसताना एकदा दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं, ते घाईत आणि सगळं इंग्रजीत बोलून गेले, बायकोला एक अक्षर कळलं नाही आणि घरी थेंब तीच घालते. आणि भिंगाचा आग्रह, ज्याबद्दल वर लिहिलं. फाइल न वाचता भिंग विकणं शुगरवाल्यांच्या बाबतीत सरळ धोक्याचं आहे, अर्धा तारा मुख्यतः त्याचाच कापला. रुग्णालयाच्या सूचनापेटीत हे सगळं लिहून टाकलं आहे, सहीनिशी.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पडद्याच्या डॉक्टरांचा दिवस फोनवर विचारूनच निघा. सोबत माणूस न्या, बाहुल्या मोठ्या केल्यावर संध्याकाळपर्यंत गाडी चालवता येत नाही. काळा चष्मा आणि टोपी घ्या. सकाळची गोळी आणि नाश्ता घेऊनच जा, पिशवीत दोन बिस्किटं ठेवा. जुने सगळे ओसीटीचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या आणि कागदाच्या कोपऱ्यात यंत्राचं नाव छापलेलं असतं ते बघून घ्या. शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच पाचव्या आठवड्याची तारीखही लिहून मागा. घरी एखादी चौकटीची वही भिंतीला लावून एक एक डोळा झाकून रोज बघा, रेघ वाकडी दिसली तर तारखेची वाट न बघता फोन करा. त्यांच्याकडे दुपारी चारनंतर फोन लवकर लागतो.